दुसऱ्या पाण्याची पिल्लं

सोमवारी सकाळी सव्वासात वाजता दोन नंबरच्या टाकीत अडतीस पिल्लं होती. मी तीनदा मोजली. अडतीस, सदतीस, अडतीस. एक नंबरच्या टाकीत अकरा मासे होते. ते एकदा मोजले तरी पुरण्यासारखे होते. बाकी खोलीत सात रिकाम्या टाक्या, सलाईनच्या चार नळ्या, एक पांढरा इनॅमलचा ट्रे, दोन टॉर्च आणि स्टुलावर बसलेली एस्तेरमावशी.

"किती?"

"अडतीस. मधे एकदा सदतीस आले."

"मग अडतीसच. मोजताना सुटतं, जास्तीचं येत नाही." तिनं मांडीवरची वही माझ्याकडं सरकवली. "तूच लिही. मला आता रेघ दिसत नाही."

मी तारीख, वेळ, पाण्याचं तापमान आणि शेवटी अडतीस असं लिहिलं. वर सगळे तिच्या हातचे आकडे होते. गेल्या दोन महिन्यांतले रेघ सोडून खाली घसरत गेले होते.

एस्तेरमावशी लोंढे माझी सख्खी मावशी नव्हे. मिरजेतल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये तिनं एकतीस वर्षं रक्तातल्या पेशी मोजल्या. माझी आई त्याच दवाखान्यात नर्स होती. त्या वर्षी मावशीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. दुपारी ती कोल्हापूरला लेकीकडं निघणार होती, बुधवारी ऑपरेशन, आणि पुढं आठ-दहा दिवस वाकायचं नाही, पाण्यात हात घालायचा नाही. मी एम.एस्सी. संपवून, एक प्रवेशपरीक्षा देऊन निकालाची वाट बघत होते. घरात मी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नुसती फिरायचे, पाणी प्यायचे, परत फिरायचे. शेवटी आई म्हणाली, "एस्तेरकडं जा. तिला डोळे हवेत आणि तुला काम."

मासे किलीफिश होते, आफ्रिकेतले. पावसात भरणाऱ्या आणि उन्हाळ्यात आटणाऱ्या डबक्यांत ते राहतात. डबकं आटलं की मासे मरतात, अंडी चिखलात कोरडी पडून राहतात, आणि पुढच्या पावसात फुटतात. घरी पावसाचं काम आपण करायचं. मासे टाकीच्या तळाशी कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, अंडी घालतात. ते कोकोपीट निथळून, पिशवीत बांधून, तीन महिने कपाटात ठेवायचं आणि मग त्यावर पाणी घालायचं. पहिल्या पाण्यात सगळी अंडी फुटत नाहीत. उरलेलं कोकोपीट पुन्हा सुकवायचं आणि काही आठवड्यांनी दुसरं पाणी घालायचं.

मावशीकडं एकाच तळ्यातला एक वंश एकोणीस वर्षं होता. टपालानं आलेल्या वीस अंड्यांपासून तिनं तो वाढवला होता, चौघापाचजणांना दिला होता, आणि त्यांच्याकडचा एकेक करून संपला होता. तिच्याकडची शेवटची मादी एप्रिलमध्ये मेली. तेव्हा कपाटात एकच पिशवी उरली होती. तिच्या पहिल्या पाण्यातून आले ते एक नंबरमधले अकरा, आता सव्वीस दिवसांचे. अकराही जणांच्या शेपटीवर लाल रंग धरायला लागला होता. रंग फक्त नराला येतो.

"अकराच्या अकरा?" मी विचारलं होतं.

"मागच्या दोन पिढ्यांत हे असंच चाललंय. दहात एक मादी. का, ते तू शिकून आलीस की मला सांग."

म्हणजे जे काही होतं ते दुसऱ्या पाण्यातलं होतं. अडतीस पिल्लं, तीन दिवसांची, पाच-पाच मिलिमीटरची. मी मनात हिशेब केला. दहात एक मादी धरली तर अडतीसात एकही मादी नसण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी. मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "टक्के राहू दे. नळी कशी धरणार ते दाखव."

तिची पद्धत ठरलेली होती. हवेच्या पंपाची बारीक नळी घ्यायची, तोंडाला मलमलीचा तुकडा बांधायचा, आणि तळावरचा गाळ इतका हळू ओढायचा की पिल्लू आलंच तर पोहून परत जाऊ शकेल. काढलेलं पाणी पांढऱ्या ट्रेमध्ये. ट्रे लगेच ओतायचा नाही, तासभर ठेवायचा आणि टॉर्च लावून बघायचा. नवीन पाणी वरून सलाईनच्या नळीनं, मिनिटाला साठ थेंब.

"आणि एका टाकीतलं दुसरीत काही जाता कामा नये. चमचासुद्धा. जाळीसुद्धा. कळलं?"

"रोग पसरतो म्हणून."

"कशालाही म्हणून."

दारात शिमोनकाका बॅग घेऊन उभे होते. काका एसटीत कंट्रोलर होते आणि घरातही फलाटावर असल्यासारखेच बोलायचे. "मिरज-कोल्हापूर विनाथांबा सुटण्याच्या तयारीत आहे. प्रवाशांनी माशांचा नाद सोडून गाडीत बसावं."

"तुम्ही या खोलीत पाय ठेवायचा नाही," मावशी उठत म्हणाली.

"ठेवतोय कशाला? मला काय वेड लागलंय?"

सोमवारी, मंगळवारी मी सकाळी सातला जायचे आणि संध्याकाळी सहाला परतायचे. काका मावशीला सोडून त्याच दिवशी परत आले होते. दुपारी ते मला भाकरी वाढायचे. एवढ्या वेळेची गरज नव्हती. पण पिल्लांना तीन वेळा खाणं लागायचं, मिठाच्या पाण्यात फोडलेले आर्टेमियाचे बारीक जीव, आणि मधल्या वेळात घरी जाऊन मला करायचं काही नव्हतं. मंगळवारी सकाळीही अडतीस होती. मग मी पाणी तपासलं. बाटलीतले थेंब टाकले, पाच मिनिटं थांबले, नळीतला रंग तक्त्यावरच्या रंगाशी ताडून पाहिला. अमोनिया, लिटरला अर्धा मिलिग्रॅम.

माझा एम.एस्सी.चा प्रबंध कृष्णेच्या पाण्यातल्या अमोनियावर होता. अर्धा मिलिग्रॅम म्हणजे काय, हे मला पाठ होतं. उरलेलं खाणं तळाशी कुजत होतं आणि टाकी नवी होती. अमोनिया खाणारे जिवाणू तिच्यात अजून वाढले नव्हते. एक नंबरची टाकी मात्र जुनी. तिथं अमोनिया शून्य होता. तिच्यात मुठीएवढा शेवाळाचा गोळा होता, वर्षभर वाढलेला, त्याच्या तंतूतंतूंवर मला हवे होते ते जिवाणू.

मावशीचं वाक्य मला आठवत होतं. पण रोगाचं म्हणाल तर दोन्ही टाक्यांतली पिल्लं एकाच पिशवीतली होती. मी भिंगातून शेवाळ पाहिलं. गोगलगाय नाही, हायड्रा नाही, बुरशी नाही. गोळा पिळला असता तर जिवाणू आणि सूक्ष्मजीव निघून गेले असते. म्हणून मी तो पिळला नाही, उचलून झटकलाही नाही. एक मोठी वाटी पाण्यात बुडवली, गोळा अलगद तिच्यात घेतला आणि पाण्यासकट दोन नंबरमध्ये सोडला. कोकोपीटमुळं चहाच्या रंगाच्या झालेल्या पाण्यात तो कोपऱ्यात जाऊन बसला. छान दिसत होता.

बुधवारी सकाळी तेहतीस होती.

मी मोजायची पद्धत बदलली. टाकीच्या तीन बाजूंना काळा कागद लावला आणि चौथ्या बाजूनं टॉर्च धरला. पिल्लं उजेडाकडं येतात. तेहतीस. बाजू बदलली. तेहतीस. मग मी ट्रे पाहिला, कालचं काढून ठेवलेलं पाणी मलमलीतून गाळलं, नळी फुंकून पाहिली, फिल्टरचा स्पंज वाटीत धुतला, फरशीवर गुडघे टेकून टॉर्च फिरवला. मुंग्या नव्हत्या. टाकीवर जाळी होती. अमोनिया पाव मिलिग्रॅमवर उतरला होता.

तेहतीसात एकही मादी नसण्याची शक्यता, तीन टक्के.

दुपारी कोल्हापूरहून फोन आला. ऑपरेशन झालं होतं. मावशीचा आवाज जड होता.

"किती?"

माझ्या तोंडून आलं, "अडतीस."

"खातायत?"

"खातायत. पोटं केशरी दिसतायत."

"देवाची कृपा," ती म्हणाली आणि फोन लेकीकडं दिला. मी खोलीत परत आले आणि वहीत बुधवारच्या रकान्यात अडतीस लिहिलं. उद्या सापडतील, असं काहीतरी मला वाटलं असावं. खरा आकडा मी माझ्या डायरीत लिहिला.

गुरुवारी सत्तावीस. पाच पूर्णांक आठ टक्के.

त्या दिवशी मी बसलेच नाही. दर दोन तासांनी अमोनिया पाहिला, मग नायट्राइट, मग पाण्याचा जडपणा. टाकीतलं एक तृतीयांश पाणी काढलं. सकाळच्या ट्रेमध्ये एक पिल्लू आलं होतं. ते मी चमच्यानं परत सोडलं. सलाईनचे थेंब घड्याळ लावून मोजले. साठ, एकसष्ट, साठ. काकांनी दुपारी भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली तेव्हा मी दोन घास खाल्ले आणि उठले.

"अगं, जेवायला बसलीस की गाडी पकडायला?"

"पाणी चालू आहे, काका."

"पाणी जातंय कुठं? नदी आहे का ती?"

संध्याकाळी अमोनिया शून्यावर आला. मी तक्ता खिडकीशी नेऊन पुन्हा पाहिला. शून्य. पाणी सुधारत होतं आणि पिल्लं कमी होत होती. मेलेलं पिल्लू एकही दिसत नव्हतं. त्याचं उत्तर माझ्याकडं तयार होतं: एवढं लहान पिल्लू मेलं की काही तासांत विरघळतं, असं मी कुठंतरी वाचलं होतं. ते वाक्य मी दिवसभरात बऱ्याच वेळा मनात म्हटलं.

"किती?" संध्याकाळी फोनवर मावशी.

"अडतीस."

"एवढी कशी जगली गं सगळी? माझ्या हातून पहिल्या आठवड्यात दोन-तीन तरी जातात." ती हसली. "तुझा हात चांगला आहे."

शुक्रवारी वीस होती. बारा टक्के. मी टॉर्च विझवून स्टुलावर बसले आणि लगेच उठले. दारात काका उभे होते, चौकटीच्या बाहेर, नियम पाळून.

"कालपासून बघतोय. कोण मेलं?"

"कोणी नाही."

"मग तो टॉर्च दे इकडं."

"मावशीनं तुम्हाला..."

"दे म्हणतो ना."

ते आत आले. टाकीजवळ वाकून, ओठ हलवत त्यांनी मोजलं. फलाटावरच्या गर्दीत तिकीट न काढलेला माणूस शोधत असल्यासारखे ते एकेका पिल्लाकडं बघत होते. "माझी वीस येतायत."

"हो."

"आणि तिला काय सांगितलंस?"

ते उठले, गुडघे धरून. आवाजातला फलाट गेला होता.

"अठ्ठ्याण्णव साली मी तिची एक टाकी घासली. धुण्याच्या पावडरीनं. म्हटलं, खूश होईल. आठ मासे होते. तीन दिवस मी तिला म्हणत होतो, हवा बदललीय, हवा बदललीय."

"मग?"

"मग काय? तिनं पाणी हातात घेऊन बोटांवर चोळलं. फेस आला." त्यांनी टॉर्च मला परत दिला. "मासे मेले त्याचं ती विसरली. तीन दिवसांचं नाही विसरली. अजून मला या खोलीत येऊ देत नाही."

"ऑपरेशन झालंय काका, दोनच दिवस झालेत. तिला ताण..."

"डोळ्याचं झालंय. कानाचं नाही."

तरी त्या दिवशी मी फोन केला नाही, आणि तिचा आला तो काकांनी घेतला. मी मागच्या खोलीत उभी राहून ऐकत होते. ते म्हणाले, "तिचं ती सांगेल," आणि भाजीच्या भावाबद्दल बोलायला लागले.

शनिवारी चौदा. तेवीस टक्के, म्हणजे जवळजवळ चारात एक. साडेआठ वाजता मी कोल्हापूरला फोन लावला.

"मावशी, चौदा राहिलीत."

पलीकडं भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"कधीपासून?"

"बुधवारपासून. तेहतीस, सत्तावीस, वीस, चौदा."

"वहीत काय लिहिलंस?"

"अडतीस."

"रोज?"

"रोज."

ती रडेल किंवा ओरडेल असं मला वाटत होतं. पण एकतीस वर्षं लॅबच्या खिडकीतून बोलत आली त्याच आवाजात तिनं पुढचा प्रश्न विचारला.

"मेलेली किती सापडली?"

"एकही नाही. लहान आहेत, विरघळत असतील..."

"चोवीस पिल्लं गेली आणि एकही पांढरं पडलेलं दिसलं नाही? तळाला नाही? स्पंजला चिकटलेलं नाही?"

"नाही."

"मग ती मेलेली नाहीत. खाल्लीत. टाकीत काय गेलं?"

"काही नाही. अमोनिया होता म्हणून मी फक्त पाणी..."

"वृषाली. काय घातलंस?"

"शेवाळ."

"कुठलं?"

"एक नंबरमधलं."

"पिळून?"

"नाही. वाटीनं, पाण्यासकट. त्यातले जिवाणू जाऊ नयेत म्हणून."

तिनं श्वास सोडला तो मला ऐकू आला. "काका आहेत का तिथं? फोन त्यांच्या हातात दे, मोठ्या आवाजावर ठेवायला सांग, आणि तुझे दोन्ही हात मोकळे कर."

काका फोन हातावर घेऊन टाकीशेजारी उभे राहिले. मावशी सांगत गेली. आधी पाणी चार बोटं उतरव. मलमल बांधूनच. आता ट्रे पाण्याखाली सरकव, गोळ्याच्या खाली. गोळा वर उचलू नकोस, ट्रे वर घे. घेतलास? खिडकीशी ने. चिमटा घे आणि तंतू बाजूला कर, एकेक. घाई करू नकोस. तुला घाईची सवय आहे.

तिसऱ्या चिमट्याला शेवाळातून काहीतरी सटकलं आणि ट्रेच्या पांढऱ्या कडेला जाऊन आदळलं. मासा. पट्टी धरली: तेरा मिलिमीटर. मातकट, पारदर्शक पर, आणि पोट इतकं फुगलेलं की अंगाला बसत नव्हतं.

"आहे," मी म्हणाले. "एक आहे."

"हा बघा खाटीक," काका ट्रेवर वाकले. "चोवीस खाऊन वर लाजून कोपऱ्यात बसलाय."

"एक नंबरमधला आहे," मावशी म्हणाली. "तिथं अकरा नव्हते, बारा होते. एक आत दडलेला. माझ्या डोळ्यांना दिसला नाही."

"मलाही दिसला नाही," मी म्हणाले.

"तुझे डोळे चांगले आहेत." मग म्हणाली, "असू दे. वाटीत घे आणि एक नंबरमध्ये परत टाक."

मी मासा वाटीत घेतला. माझ्या हाताला राग आला होता. वाटी मी धरली नव्हती, आवळली होती. बेसिन दोन पावलांवर होतं आणि एक क्षण मी बेसिनकडं बघितलं. मग एक नंबरच्या टाकीवर वाटी नेली. सावली पडल्याबरोबर अकराजण वर आले, खाणं मिळेल म्हणून, अकरा लाल शेपट्या एका ओळीत. वाटीतला मासा वाटीच्या तळाला चिकटला. मी थांबले.

"टाकलास?" फोनमधून.

"मावशी, याला रंग नाही."

"म्हणजे?"

"सगळे एकाच दिवशी फुटलेले ना? अकराजणांची शेपटी लाल आहे. याची पूर्ण कोरी आहे. अंगावरही काही नाही."

काकांनी माझ्याकडं बघितलं. मावशी शब्द निवडून बोलली.

"मागं पडलेला नरही असाच दिसतो. बाकीचे त्याला दाबतात, रंग येऊ देत नाहीत. माझ्याकडं तीनदा झालंय."

"माहीत आहे."

"खालचा पर बघ. पोटाच्या मागचा. नराचा गोल असतो, मादीचा तिरका, टोक आलेला."

मी भिंग घेतलं. मासा वळत होता, पर मिटत होता. मी श्वास रोखला. पर उघडला.

"टोक असल्यासारखं वाटतंय."

"वाटतंय की आहे?"

"वाटतंय. तेरा मिलिमीटरवर त्यापेक्षा जास्त सांगता येणार नाही."

"मग 'वाटतंय' असं लिही. आणि वेगळ्या टाकीत ठेव. पाणी एक नंबरचंच घे." मग तिनं विचारलं, "आज खाणं घातलंस का सगळ्यांना?"

"यालाही घालू?"

"याला कशाला?" मागून काका म्हणाले. "याची पंगत झालीय."

फोनमध्ये मावशी हसली की खोकली ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी चौदाच होती. त्यानंतरही चौदाच. पाण्याला आता काहीही झालेलं नव्हतं, खरं तर पिल्लं पाण्यामुळं कधी गेलीच नव्हती, आणि मला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तेच सगळ्यात अवघड गेलं. मी तीन नंबरच्या टाकीसमोर उभी राहायचे. तो मासा टाकीत एकटा होता, आता लपत नव्हता. रोज सकाळी मी भिंगातून शेपटी बघायचे. लाल दिसलं तर संपलं. मंगळवारी कडेला तांबूस झाक आहे असं वाटलं आणि मी दिवसभर त्या एका झाकेसाठी खोलीत ये-जा करत राहिले. संध्याकाळी कळलं की माझ्या ओढणीचं प्रतिबिंब होतं.

पुढच्या गुरुवारी मावशी आली. काळा चष्मा, डोक्याला रुमाल. चहा न घेता मागच्या खोलीत गेली आणि पहिल्यांदा वही मागितली. चष्मा वर करून ती पान वाचू लागली, स्वतः, बोट न ठेवता.

"बुधवार, गुरुवार, शुक्रवार," ती म्हणाली. "शनिवारचं खरं आहे."

"हो."

"पेन घे. गिरवायचं नाही, पांढरं लावायचं नाही, पान फाडायचं नाही. आकड्यावर एक आडवी रेघ. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी खरा आकडा, सही आणि आजची तारीख."

मी तीन रेघा ओढल्या. तीन सह्या केल्या. आज नऊ वर्षांनी माझ्या स्वतःच्या प्रयोगशाळेत मी मुलांना हेच शिकवते, पण त्या दिवशी तिसऱ्या सहीत माझं आडनाव अर्धंच आलं. मगदूममधला शेवटचा म कागदाबाहेर गेला.

"बुधवारी सांगितलं असतंस, तर तेहतीस वाचली असती," ती वही मिटत म्हणाली.

"हो."

मग ती तीन नंबरसमोर स्टूल ओढून बसली. वाकायचं नव्हतं म्हणून काकांनी टाकीच दोन पाटांवर चढवली, तिच्या डोळ्यांच्या उंचीला. त्यासाठी त्यांना खोलीत यायची परवानगी मिळाली. मासा आता एकोणीस मिलिमीटर झाला होता. मावशीनं टॉर्च खालून धरला, मग बाजूनं. मी भिंतीला टेकून उभी होते आणि अंगठ्याचं नख दातांत धरलं होतं. काका घड्याळ बघत होते.

"अहो, टाकी हलवू नका."

"मी हात लावला नाहीये."

"श्वास सोडताय तिच्यावर."

सात मिनिटं गेली असतील. तिनं टॉर्च विझवला आणि चष्मा खाली केला.

"टोक आहे," ती म्हणाली. "मादी आहे."

काकांनी फलाटावरचा आवाज काढायला तोंड उघडलं, तिच्याकडं बघितलं आणि मिटलं.

चौदातलं एक पिल्लू पुढं पाठीत वाकडं निघालं आणि गेलं. बाकीची तेरा वाढली. पाचव्या आठवड्याच्या शेवटी तेराही जणांची शेपटी लाल होती, त्यांत एकही मादी नव्हती. मी ते वहीत लिहिलं. तेवीस टक्क्यांबद्दल मी कोणाला काही सांगितलं नाही.

मादीसाठी तिनं एक नंबरमधला नर निवडला. मी सगळ्यात मोठा, सगळ्यात लाल होता तो दाखवला. तिनं मान हलवली.

"तो तिला दमवून मारेल. तो कोपऱ्यातला दे. त्याला घाई नाही."

आइस्क्रीमच्या डब्यात उकळून गार केलेलं कोकोपीट भरलं, डब्याच्या झाकणाला भोक पाडलं, आणि डबा टाकीच्या तळाशी ठेवला. पहिला आठवडा दोघं एकमेकांपासून लांब राहिली. मी रोज जायचे. माझा निकाल त्याच आठवड्यात लागला, पुण्याला जायचं ठरलं, आणि मी आईला सांगितलं की मी पुढच्या सोमवारनंतर जाईन. आई म्हणाली, "सोमवारी काय आहे?"

"मोजायचं आहे."

सोमवारी सकाळी डबा बाहेर काढला. कोकोपीट चाळणीवर निथळलं, पांढऱ्या ट्रेमध्ये पातळ पसरलं. मावशीनं ट्रेच्या तळाला पेन्सिलीनं चौकोन आखले होते, लॅबमध्ये पेशी मोजायच्या काचेवर असतात तसे. ती एका बाजूनं बसली, मी दुसऱ्या. दोघींनी एकमेकींना न सांगता मोजायचं आणि वेगवेगळ्या चिठ्ठीवर लिहायचं, असं तिनं सांगितलं. काका दारात उभे होते. मेलेलं अंडं पांढरं पडतं, तशी वेगळी मोजायला धरून अर्धा तास लागला.

तिनं माझी चिठ्ठी उघडली, मी तिची. दोन्हींवर एकच होतं. तिनं वही माझ्याकडं सरकवली आणि मी लिहिलं.

अंडी त्रेचाळीस. त्यांपैकी पांढरी पडलेली सहा.